मेलवर कळवा

मुरुड, ७ नोव्हेंबर २०२५

विहीणबाई चंद्रप्रभा यांना मुरुडच्या गौरम्माचा अर्धा नमस्कार. उरलेला अर्धा नांदेडला आल्यावर करीन, तुम्ही दार उघडलं तर.

त्या दिवशी फोनवर तुम्ही म्हणलात, "गौरम्माबाई, फोनवर वाद नकोत. तुमचं जे काही म्हणणं असेल ते मला मेलवर कळवा." मला ऐकू आलं, मेल्यावर कळवा. मी म्हणलं, बाई लई लांबचा विचार करून राहिली, पण मेल्यावर मी कशी कळवू, तुम्हीच या मग विचारायला. तर तुम्ही ओरडलात, "मेल! ई-मेल! लेखी असलेलं बरं!" आन फोन ठेवला. तवापासून तुमचा फोन नुसता वाजतो, उचलला जात न्हाई.

मुख्याध्यापिका होतात ना. पोरीनं प्रश्न विचारला की म्हणायचं, जा, अर्ज लिहून आण. पोरीला अर्ज लिहायला कुणी शिकवलेलंच नसतं, मग बाईंना दुपारची झोप बिनघोर. सातवी शिकलेली बाई, बटणाचा फोन, ही कुठं मेल करती, असंच वाटलं ना?

घ्या. अर्ज आणलाय.

अर्ज एका ओळीचा. तीस तारखेला रविवारी माझ्या नातीचं बारसं तुमच्या घरी हाय, मी येणार आन तिला पाळण्यात मीच घालणार. तुम्ही म्हणता सवाष्ण घालते. मी म्हणते आजी घालते. नवरा मेला म्हणून माझं आजीपण त्याच्यासंगं गेलं न्हाई, ते तर त्याच्या मागून आलं.

आता हे मेल आलं कुठनं म्हणून तुम्हाला खाज सुटली असंल. ज्या डबड्याला तुम्ही हसला होतात, त्यातनंच आलं. सोयरिकीच्या बैठकीला आलात तवा आमच्या ह्यांच्या टेबलाकडं बघून म्हणलात, "अय्या, नुसता काळा पडदा! ह्यात चित्र नाही का दिसत?" हे म्हणाले, "ताई, कामाच्या गोष्टीला चित्र कशाला?" तुम्हाला तो टोमणा कळलाच न्हाई, मी आत जाऊन हसून घेतलं.

आमच्या ह्यांनी, गुरुपादप्पा मास्तरांनी, बस स्टँडसमोर टायपिंगचा क्लास चालवला. अर्ध्या मुरुडची बोटं त्यांनी वळवली, सगळ्यांत आधी माझी. मशिनी गेल्या, कॉम्प्युटर आला, तसं ह्यांनी त्यातलं विंडोज काढून लिनक्स घातलं. म्हणायचे, खिडक्या उघड्या ठेवल्या की धूळ येते. ना चित्र, ना माऊस. पांढऱ्या अक्षरांत हुकूम लिहायचा, तो करतो. हे गेले तवापासून दोन वर्षं मी त्याच्यावर चादर टाकून ठेवली होती. तुमच्या फोननं ती काढली.

ह्यांचा जुना विद्यार्थी धम्मानंद लातूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळतो. त्याला फोन लावला. म्हणला, "काकू, कशाला तकलीफ? चांगला मोबाइल घ्या, दोन बोटांत मेल जातं." मी म्हणलं, "दोन बोटांत चिमटा घेतात, मला दहा बोटांनी लिहायचंय." मग आला वळणावर. म्हणला, ह्याच्यात तीन गडी, म्हंजे तीन प्रोग्रॅम, ठेवावे लागतात. एक पत्र बाहेर नेणारा, एक आणणारा, एक वाचून दाखवणारा. मी म्हणलं, तीन कशाला, आमच्या विहिणीच्या घरी व्याही बापूसाहेब एकटेच आणतात, निवडतात आन वाढतात, बाई नुसत्या नावं ठेवतात.

नेणाऱ्या गड्याला पासवर्ड एका फाईलीत लिहून द्यावा लागतो. दिला. तर तो कामावरच येईना! म्हणे, ही फाईल घरातल्या कुणालाबी वाचता येतीय, आधी झाका. घरात मी एकटी. तरी धम्मानंदला विचारून झाकली, तवा हलला. लाज शिकावी तर त्याच्याकडून. तुम्ही तर मागं नांदेडच्या भर हळदीकुंकवात "ह्यांना लावू नका" म्हणून माझं कपाळ उघडं करून वाचून दाखवलंत.

आन अडलं की 'मॅन' लिहायचं. हे म्हणायचे, "गौरे, कुठं अडलीस तर मॅन लिही, त्याच्यापुढं जे अडलं त्याचं नाव." लगेच मदतीचं पान उघडतं. आता विधवेनं दिवसातनं किती बार मॅनला हाक मारावी, ते तेवढं पंचांगात बघून कळवा.

मेलवर.

गौरम्मा

मुरुड, १२ नोव्हेंबर

विहीणबाई,

माझं पहिलं पत्र तुम्हाला उशिरानं मिळालं, त्याला कारण तुमचं नाव. पत्र धाडलं आन घडीभरात माझ्या पेटीत उत्तर! म्हणलं, बाई सुधारली. बघते तर पाठवणाऱ्याचं नाव 'मेलर डेमन'. ह्यांच्या डिक्शनरीत डेमन बघितला तर राक्षस. म्हणलं, बाईनं उत्तर द्यायला नोकर बी आपल्यासारखाच ठेवला.

धम्मानंद म्हणला, "काकू, हा वेगळा डेमन. पडद्याआड राबतो. पत्ता चुकला की पत्र परत आणून देतो." चंद्रप्रभाच्या स्पेलिंगात दोन एच हायत, मी एकच घातला होता. माणूस अवघड, तसं नावबी अवघड. मेलचा पत्ता मी तुम्ही छापलेल्या पोरांच्या लग्नपत्रिकेवरनं घेतला. तीच पत्रिका, जिच्या कच्च्या प्रतीत माझ्या नावाखाली लाल पेनानं रेघ मारून तुम्ही लिहिलं होतंत, "गौरम्मा की गौरीअम्मा? खात्री करावी." पन्नाशीतल्या बाईला तिच्या नावाची खात्री विचारणारी तुम्ही पहिलीच.

तर तुमचं उत्तर आलं. चांगलं लांबलचक. पण बाई, वाचता येईना! सगळे चौकोन.

त्याचं असं हाय, ह्या काळ्या पडद्याला मराठी घेता येतं, दाखवता येत न्हाई. कळफलक ह्यांनी मराठी करून ठेवलाय, माझी बोटं न बघता चालतात, म्हणून तुम्हाला माझं पत्र नीट दिसतं. माझ्या डोळ्यांपुढं मात्र चौकोनच. मी काय लिहून राहिले ते मलाच दिसत न्हाई. शिव्या पण अंदाजानंच देते.

तुमच्या पत्रातलं मला एकच वाचता आलं, पूर्णविराम. टिंबं तेवढी टिंबं म्हणून दिसतात. चौकोन, चौकोन, चौकोन, टिंब. चौकोन, चौकोन, टिंब. वीटभट्टी लावावी तसं पत्र. काय शिस्त! माणूस हाकलायचं तरी वाक्य पुरं करून हाकलायचं.

तवा आता इंग्रजी अक्षरांत मराठी लिहा. मला एबीसीडी येते. शुद्ध मराठीच्या बाईंना जड जाईल, पण करा.

आन पोरीचं वजन काय भरलं ते लिहा. माझा लेक शिवप्रसाद म्हणतो, "अव्वा, फोटो पाठवलाय." माझ्या बटणाच्या फोनमधी फोटो म्हंजे सांडलेली शाई. नाक कुणाचं हाय? तुमचं असंल तर आत्ताच सांगा, मन घट्ट करून ठेवते.

गौरम्मा

मुरुड, १७ नोव्हेंबर

विहीणबाई,

आलं तुमचं पत्र. पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर जुळवत वाचलं. "पाळण्यात सवाष्णच घालते. आमच्याकडे पद्धत आहे. माझी बहीण राजश्री घालेल. आपण सोमवारी निवांत या." 'आपण' काय, 'निवांत' काय! चप्पल मखमलीत गुंडाळून मारायची, ही तुमच्याकडची पद्धत.

नाकाचं काही लिहिलं न्हाईत. म्हंजे तुमचंच असणार.

एक विचारते. तीन वर्षांमागं लग्नात ह्याच हातांनी मी तुमची ओटी भरली. तवा "किती प्रसन्न बाई आहे" म्हणलात सगळ्यांपुढं. हात तेच, बांगड्या तेवढ्या कमी झाल्या. मग तवाचं पुण्य बांगड्यांचं होतं का? सांगायचं होतं, नुसत्या बांगड्या पोस्टानं पाठवल्या असत्या.

आन कुंकवाचं ऐका. कुंकू मी माहेराहून लावून आले. फ्रॉक घालायची तवापासून लावते. नवरा मागून आला. जो मागून आला तो जाताना माझं आधीचं कसं घेऊन जाईल? आमच्या लोकांत माणूस गेला तर लिंगैक्य झाला म्हणतात. देवाला मिळालेल्या माणसाची बायको अशुभ, हा हिशोब तुमच्या कोणत्या इयत्तेत होता? आमच्यातबी काही शहाण्या तुमच्यासारख्याच कुजबुजतात, पण त्यांना मी तोंडावर बोलते. तुम्हाला बोलायला मला तीन गडी ठेवावे लागले.

शिवप्रसादला फोन केला. म्हणला, "अव्वा, त्यांचं घर, त्यांची पद्धत. तू समजून घे ना." माझ्या पोटचा गडी, सासरी जाऊन सवाष्ण झाला! आन तुमची लेक मनस्विनी? बाळंतिणीच्या कानात कापूस घालतात, तुम्ही तिच्या तोंडात पण घातला का?

असो. आता शेवटचं ऐका. तुम्ही जिंकलात. मी येत न्हाई. रविवारी न्हाई, सोमवारी बी न्हाई. राजश्रीबाईनंच पोरीला पाळण्यात घालावं, मी हितूनच तोंडात साखर टाकते. पण शुभकार्याचं पत्र रितं जाऊ नये. आमच्याकडं त्याला कुंकवाचं बोट लावल्याबिगर धाडत न्हाईत. काळ्या पडद्यावर लाल कुठनं आणू? खालच्या ओळीवर एकटं टिंब ठेवते, तेच कुंकू समजा

मुरुड, १८ नोव्हेंबर

थांबा. नाचू नका.

कालचं पत्र अर्धं हाय. टिंबाच्या खाली खरं पत्र होतं. "असं लिहीन वाटलं का, बाई?" हितनं सुरू होणार होतं आन चांगलं दोन पानं तुमची आरती चालणार होती. तुम्ही वाचत वाचत खूश होणार, आन तिथंच मी तंगडी ओढणार, असा बेत होता. तर टिंब ठेवून खालच्या ओळीवर गेले आन पत्रच पळालं!

धम्मानंदला फोन केला तर हसून हसून खोकला लागला त्याला. "काकू, ओळीवर एकटं टिंब म्हंजे पत्र संपलं. लई जुनी रीत हाय ही."

"तू तर मला कंट्रोल आन डी दाबायला सांगितलंस!"

"दोन्हीनं संपतं, काकू. एकट्या टिंबाचं सांगायचं राहिलं. ओळीवर नुसतं टिंब कोण ठेवतं?"

कोण ठेवतं! विधवा ठेवती. तिनं कुंकू लावलं की कारभार आटोपला. हे डबडंबी तुमच्याच बाजूचं निघालं.

सकाळी शिवप्रसादचा फोन, आपणहून. लई दिवसांनी. "अव्वा, थँक्यू. मला माहीत होतं तू समजून घेशील." इतक्या मायेनं बोलला की दोन घडी मला खरं सांगवंना. म्हणलं, ऐकून घ्यावं थोडं. मग सांगितलं. "अव्वा!" म्हणला आन गप झाला. त्याचं गप बसणं बापावर गेलंय. फरक एवढाच, बाप गप बसून काहीतरी दुरुस्त करायचा.

तवा राजश्रीबाईंना सांगून ठेवा, नवी पैठणी घडी मोडू नका. मी येणार हाय.

गौरम्मा

मुरुड, २३ नोव्हेंबर

विहीणबाई,

तुमचं उत्तर आलं. अर्ध्या पत्राला दिलंत का पुऱ्या पत्राला, देव जाणे. परत चौकोन! इंग्रजी अक्षरं विसरलात का मुद्दाम केलंत?

पण एक नवल झालं. टिंबं न्हाईत. एवढं पानभर पत्र आन शेवटाला फक्त एक. वरपासून खालपर्यंत मी तीनदा बघितलं. चंद्रप्रभाबाई पूर्णविराम विसरल्या? शाळा बुडाली की बाई! एका दमात एवढं काय बोलून राहिलात, की मधी श्वास बी घेतला न्हाईत?

धम्मानंद म्हणला, "काकू, मला पाठवा, वाचून सांगतो." न्हाई म्हणलं. विहिणीनं विहिणीला काय शिव्या दिल्या ते परक्यानं कामून वाचायचं? राहू दे चौकोन.

कुंकवावर मात्र इलाज सापडला. टिंबाच्या आधी जरा जागा सोडायची. लांब पट्टीवर अंगठा दाबायचा, बोटभर रिकामं ठेवायचं, मग टिंब. तसं केलं की ते नुसतं टिंब राहतं, पत्र संपवत न्हाई. एवढंच! जरा जागा सोडली की पुढचं बोलता येतं. बघा:

   .

गेलं का पत्र? मी हाय की अजून.

तर रविवारी येते. मुरुडहून लातूर, लातूरहून नांदेडची गाडी. पोरीसाठी दुपटं शिवलंय, ते द्यायला आले समजा. घाबरू नका, माझ्या आताच्या साडीचं न्हाई. सवाष्ण होते तवाच्या साडीचं हाय. निर्मळ.

दारात उभी करायची तर दारात करा. पाळणा दिसंल अशी करा.

गौरम्मा

मुरुड, २ डिसेंबर

विहीणबाई,

पोचले. तुम्ही विचारलं न्हाई, म्हणून सांगते.

आता बारशाचं सगळं लेखी ठेवते. तुमचं वय झालं, उद्या म्हणाल असं काही झालंच न्हाई. लेखी असलेलं बरं, तुमचाच शब्द.

दार बापूसाहेबांनी उघडलं. तुम्ही आतून विचारलंत, "कोण आहे हो?" ते म्हणाले, "मेल आलंय." त्या माणसाला बोलता येतं, मला ठाऊकच नव्हतं! तुम्ही हात पुसत बाहेर आलात, माझ्या कपाळाकडं बघितलंत. टिकली होती. मोठी लावली होती मुद्दाम. भिंतीजवळची खुर्ची दाखवलीत. खुर्ची अशी ठेवली होती की समोर पाळणा. ठेवणाराची अक्कल बापूसाहेबांचीच असणार.

हळदीकुंकू फिरलं. माझ्या डावीकडच्या बाईला लागलं, उजवीकडच्या बाईला लागलं. मधी मी, दोन शब्दांमधल्या जागेसारखी. तुमचा चष्मा तवा कामून पुसावा लागला, ते विचारणार न्हाई.

मग पोरीला पाळण्याच्या वरनं-खालनं द्यायची वेळ झाली. अलीकडं तुम्ही, पलीकडं राजश्री, पैठणी घडी मोडून. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. एकदा दिली, दोनदा दिली. तिसऱ्या खेपेला तुम्ही पोरीला हातांवर धरून तशाच थांबलात. राजश्रीचे हात पुढं. बायका म्हणाल्या, "द्या की हो."

तुम्ही म्हणलात, "राजश्री, जरा जागा सोड."

ती म्हणली, "अगं ताई, किती सोडू? मागं कपाट आहे."

"जरा जागा सोड म्हणते ना."

मुख्याध्यापिकेचा आवाज! माझासुद्धा पदर सरळ झाला. राजश्री बाजूला सरकली. बायकांना वाटलं, अडचण झाली म्हणून सरकवली. तुम्ही माझ्याकडं बघितलं बी न्हाई. पाळण्याच्या दोरीकडं बघत म्हणलात, "या लवकर. पोरीला अवघडतंय."

पोरीला!

एका बाईनं तोंडाला पदर लावला. तुम्ही तिच्याकडं असं बघितलंत की तिनं तो मुकाट खाली घेतला. तसं बघणं तुम्हाला लई चांगलं येतं. इतके दिवस हकनाक माझ्यावरच वाया घालवून राहिला होतात.

मी पोरीला घेतलं. पाळण्यात घातलं. दुपट्यावर. एवढंच लिहिते त्याच्याबद्दल, जास्त लिहिलं तर तुम्ही माजाल.

नाव ठेवलंत निहिरा. अर्थ विचारला तर तुम्हालाबी मोबाइलात बघावा लागला. मी तिच्या कानात दुसरंच सांगून आले. काय ते सांगत न्हाई. हाक मारून मारून थका, कोणत्या हाकेला मान वळवती ते बघा. आन नाक तुमचंच हाय. मन घट्ट केलंय.

मनस्विनीनं वाकून नमस्कार केला तवा कानातला कापूस काढून म्हणली, "अव्वा, आई तुमची पत्रं आम्हाला वाचून दाखवायची. चुका सांगत सांगत." शिवप्रसाद स्टँडपर्यंत सोडायला आला. गाडी सुटेस्तोवर गप उभा होता. सुटताना म्हणला, "अव्वा, त्या पडद्याचे चौकोन मी येऊन दुरुस्त करतो." बापाचा मुलगा हाय म्हणायचा, थोडा उशिरा.

पण मी त्याला सांगितलं, घाई करू नको. ते बिनटिंबाचं पत्र अजून पेटीत हाय. चौकोन दुरुस्त झाले की ते वाचावं लागंल, आन त्यात तुम्ही चांगलं काही लिहिलं असंल तर मग मी पुढं काय लिहू?

निघताना दारात वाटलं, आता बाई काहीतरी म्हणंल. म्हणलात, "पत्रात ऱ्हस्व-दीर्घ बघत जा." बाई, चौकोनाला ऱ्हस्व काय आन दीर्घ काय!

कुंकवाचा करंडा तुम्ही माझ्यापुढं धरला न्हाईत. ध्यानात ठेवलंय. बरंच झालं, धरला असतात तर तो अर्धा नमस्कार तिथंच पुरा करावा लागला असता. तो अजून माझ्याकडंच हाय. पोरीच्या उष्टावणाला येते, तवा बघू कोण काय पुढं करतं.

तोवर पत्र रितं जाऊ नये. जरा जागा सोडून लावते.

   .